उघड्यावरचे

“उघड्यावरचं खाऊ नये,” असं आई लहानपणी बजावत असे. तिच्या डोळ्यांपुढे माशा होत्या. उघड्यावरच्या खाण्यात माशांहून मोठा धोका असतो, हे मला प्रागमध्ये एका स्नेह्यांच्या घरी वाढदिवसाला गेलो तेव्हा कळलं.

चेक आणि स्लोव्हाक मंडळींनी १९९३ साली देश वाटून घेतला. ‘ख्लेबीचेक’ मात्र दोन्ही घरी राहिला. वेका नावाच्या लांबट पांढऱ्या पावाचा तिरका काप, त्यावर बटाट्याच्या सॅलडचा थर, वर हॅम, सलामी, चीज नाहीतर उकडलेलं अंडं, आणि व्हिनेगरात मुरलेल्या काकडीची चकती. वरून झाकायला दुसरा पाव नाहीच! १९१६ च्या सुमारास प्रागच्या यान पाउकर्ट या दुकानदाराने यान स्क्रामलीक या चित्रकारासाठी हा प्रकार काढला, असं सांगतात. चित्रकाराला म्हणे एका घासाचे तुकडे पुरत नसत. कलावंताची भूक ती!

तर तबक समोर आलं. आपलं सँडविच म्हणजे झाकली मूठ. आत काय निघेल ते नशिबाचं, उचलणारा निर्दोष. इथे सगळा कारभार उघडा. हॅमचे काप पुष्कळ, अंड्याचा एकच उरलेला. आणि यजमानांची पाच-सहा वर्षांची नात त्याच्याकडे टक लावून बसलेली. मी ते पाहिलं. मी पाहिलं, हे तिच्या आजीने पाहिलं. तरी माझा हात नेमका तिथेच गेला.

मनाशी म्हटलं, आपण अंड्यापुरते शाकाहारी. तत्त्वाचा प्रश्न आहे. पण शेजारीच चीजचा काप होता. तत्त्वाला तोही चालला असता. जिभेला चालला नसता, एवढंच.

तेव्हापासून वाटतं, आपला निम्मा चांगुलपणा ‘मला काय माहीत?’ या वरच्या पावाखाली सुखाने नांदत असतो. तो पाव काढला की आत काय आहे ते जगाला दिसतं; आणि पंचाईत ही, की आपल्यालाही दिसतं.

पोर काही बोलली नाही. तिने चीजचा काप घेतला, त्यावरची काकडी उचलली आणि हसून माझ्या बशीत ठेवली.

तिला काकडी आवडत नसावी, अशी मी अजून स्वतःची समजूत घालतो.