आता किती वर्षे?

घरातील कर्त्या पुरुषाची बुद्धी रोगाने ढळू लागली की आप्तजन डॉक्टरांना विचारतात, ‘आता किती वर्षे?’ या प्रश्नाच्या पोटी प्रेम असते, तसा थकवाही असतो. सेवेचा अंत व्हावा असे मनात आले म्हणून गृहस्थाने स्वतःस पापी मानावे काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ‘फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया’ या रोगात मेंदूचे कपाळामागील व कानशिलांजवळील भाग झिजत जातात. १८९२ साली प्राग येथील आर्नोल्ड पिक यांनी असा रुग्ण वर्णिला. हा रोग बहुधा ४५ ते ६५ या वयात, संसाराचा भार खांद्यावर असतानाच जडतो. आरंभी स्मृती बरीच शाबूत असते; संयम, लज्जा, करुणा आधी जातात, कित्येकांची वाणी जाते. लक्षणे दिसू लागल्यापासून आयुष्य सरासरी ६ ते ८ वर्षांचे असते. स्नायू दुर्बळ करणारा मज्जापेशींचा रोग जोडीला असल्यास ते बहुधा २ ते ३ वर्षांचेच; उलट काही रुग्ण १० वर्षांहून अधिक जगतात. अंत पुष्कळदा न्यूमोनियाने होतो. रोगाची गती रोखणारे औषध अद्याप नाही.

सरासरी ही अनेकांच्या आयुष्यांवरून काढलेली असते. ती कोणा एकाची मुदत नव्हे. रुग्णास समज आहे तोवर मृत्युपत्र व द्रव्यव्यवस्था करावी आणि सेवेची वाटणी ठरवावी, एवढाच तिचा उपयोग. दिवस मोजण्यासाठी ती नाही.

रुग्ण पत्नीस कठोर बोलतो, तिच्या अश्रूंनी द्रवत नाही. हा त्याचा दोष काय? कर्माचा दोष विवेकाच्या आश्रयाने लागतो, आणि येथे विवेकाचे साधनच मोडले आहे. धर्मशास्त्रानेही उन्मत्ताने केलेला व्यवहार असिद्ध मानला आहे. मग त्याच्या शब्दांचा हिशेब का ठेवावा?

हाच न्याय सेवा करणाऱ्यासही लावावा. थकलेल्या मनात उठलेला विचार हे कर्म नव्हे. बुद्धीने त्यास संमती देऊन सेवा टाकली तर तो दोष. परंतु सारा भार एकट्या पत्नीवर किंवा सुनेवर टाकून इतरांनी तिच्या त्यागाची स्तुती करीत बसणे, हा अधर्मच होय. ‘किती वर्षे?’ असे विचारणाऱ्या आप्ताने त्याबरोबरच ‘माझ्या वाट्याला कोणते दिवस?’ हेही विचारावे. निष्काम सेवा म्हणजे एकट्याने झिजणे नव्हे. जो आभार मानणार नाही, कदाचित ओळखणारही नाही, त्यास वेळेवर घास भरविणे ही निष्काम सेवा होय. आणि ती सर्व कुटुंबाने वाटून करावी.