झॅपाचा मुलगा काय वाजवतो?

ख्याल ऐकणाऱ्याला बंदिश वेगळी आणि ती गाणारा वेगळा, हे सांगावं लागत नाही. रॉकमध्ये ही फोड इतकी सहज होत नाही. तिथे चाल, ती गाणारा गळा, त्या गिटारचा खरखरीत सूर, स्टुडिओत त्या दिवशी जे जमून गेलं ते, असं सगळं मिळून एकच वस्तू होते आणि ती तबकडीवर कायमची बसते. लोकांना गाणं ऐकायचं असतं म्हणजे ती वस्तू ऐकायची असते. म्हणून दुसऱ्याचं गाणं गाणारे 'कव्हर' करणारे ठरतात, गेलेल्या कलाकाराची गाणी घेऊन गावोगाव फिरणारे 'ट्रिब्यूट बँड' ठरतात, आणि या दोन्ही जमातींना मानाचं पान कोणी वाढत नाही. आता वाजवणारा त्या गेलेल्या कलाकाराचा मुलगाच असेल तर? नाव तेच, नाकडोळे तेच. अशा वेळी तो मंचावर नेमकं काय घेऊन येतो?

चटकन सुचणारं उत्तर म्हणजे रक्त. जेफ बकलीची गोष्ट या उत्तराला फार सोयीची आहे. त्याचे वडील, गायक टिम बकली, १९७५ मध्ये, २८व्या वर्षी गेले. मुलाला त्यांचा सहवास मिळाला तो आठव्या वर्षी, जेमतेम काही दिवस. अंत्यविधीलाही त्याला बोलावणं नव्हतं. १९९१च्या एप्रिलमध्ये ब्रुकलिनच्या सेंट अ‍ॅन्स चर्चमध्ये टिमच्या गाण्यांचा कार्यक्रम झाला तेव्हा हा अनोळखी तरुण उभा राहिला आणि वडिलांची गाणी गायला. त्यांतलं एक तर ज्या बायको-मुलाला टिमने मागे सोडलं त्यांच्याविषयीचं, म्हणजे गाणाऱ्याच्याच जन्माची कर्मकथा. ऐकणारे हादरले. मग दंतकथा तयार झाली की गळा वारशाने येतो. पण जेफने पुढे त्या वाटेने जायचं नाकारलं. बापाचा मुलगा म्हणून ओळखलं जाणं त्याला टोचत राहिलं. तो स्वतःची गाणी गायला आणि १९९७ मध्ये मेम्फिसजवळ नदीत बुडून ३०व्या वर्षी गेला. एका संध्याकाळी रक्त बोललं असेलही. पण एका संध्याकाळीच. रोज रात्री, वेगवेगळ्या गावांत, वर्षानुवर्षं बापाचं संगीत वाजवायचं तर रक्ताच्या भरवशावर भागत नाही. हे कसं, ते ड्वीझिल झॅपाच्या उदाहरणात सावकाश पाहता येतं.

त्याचे वडील फ्रँक झॅपा १९४० मध्ये बाल्टिमोरला जन्मले आणि १९९३च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसला प्रोस्टेटच्या कर्करोगाने गेले. त्रेपन्नाव्या वाढदिवसाला तीन आठवडेही उरले नव्हते. त्यांना रॉकवाला म्हणतात ते दुकानदारांच्या सोयीसाठी. त्यांच्या गाण्यांत चावट विनोद, राजकीय टवाळी आणि डू-वॉप आहे. आणि त्याच्याच खाली स्ट्रॅविन्स्की आणि वारेझ ऐकून मुरलेला एक कागदावर लिहिणारा रचनाकार आहे. 'द ब्लॅक पेज' ही त्यांची रचना आधी टेरी बॉझिओच्या ड्रमसाठी लिहिली गेली. नोटेशनची इतकी गर्दी की पान काळं दिसावं, म्हणून ते नाव. मग त्याच लयीवर त्यांनी सुरावट बसवली. त्यांच्या बँडमध्ये शिरायचं म्हणजे असलं काही समोर ठेवलं की वाजवता आलं पाहिजे. 'कर्णमधुर' म्हणावं असं ते बहुतेकदा नाही, आणि मला स्वतःला त्यांतले काही विनोद आज शिळे वाटतात. पण रचनेची हाडं पक्की आहेत.

ड्वीझिल १९६९च्या सप्टेंबरात जन्मला. महिन्याभराने आलेला 'हॉट रॅट्स' हा अल्बम वडिलांनी या नवजात मुलालाच अर्पण केला होता. मुलगा गिटार शिकला तो मात्र एडी व्हॅन हेलनच्या जमान्यात. त्याचं पहिलं रेकॉर्ड १९८२ मध्ये निघालं, त्यातही व्हॅन हेलनचा हात होता. बोटांना वळण लागलं ते बाहेरच्या गुरूंचं. घरात एवढा मोठा माणूस असून असं होतंच. 

२००६ मध्ये त्याने 'झॅपा प्लेज झॅपा' हा दौरा सुरू केला, तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. त्याआधी सुमारे दोन वर्षं त्याने जे केलं ते एखाद्या परक्या विद्यार्थ्याने करावं तसं केलं. मूळ ध्वनिफिती ऐकल्या, नोटेशनं काढली. वडिलांच्या अनेक रचनांमधल्या अवघड सुरावटी मुळात गिटारसाठी नव्हत्याच. मरिंबावर किंवा कीबोर्डवर त्या हाताला सहज येतात. 'इंका रोड्स'सारख्या रचनेतले असे तुकडे त्याने गिटारवर बसवायचे ठरवले आणि त्यासाठी प्लेक्ट्रम धरण्या-चालवण्याची पद्धतच बदलली. तिशी उलटलेल्या तयार वादकाने हात मोडून पुन्हा बसवणं म्हणजे काय, हे ज्याने एखादं वाद्य धरलंय त्यालाच कळेल. आडनावाने यातला एक सूरही त्याला फुकट दिला नाही.

बँड निवडतानाही त्याने वडिलांचे जुने साथीदार एकत्र करून आठवणींचा मेळावा भरवला नाही. पहिल्या दौऱ्यात बॉझिओ, स्टीव्ह व्हाय, नेपोलियन मर्फी ब्रॉक पाहुणे म्हणून आले, पण मूळ वाद्यवृंद नव्या माणसांचा. त्याचं म्हणणं असं की हे संगीत वडिलांच्या ओळखीच्या माणसांपलीकडे वाजवलं जाऊ शकतं, हे सिद्ध व्हावं. तसं झालं तरच ते संगीत आहे, नाही तर ती फक्त आठवण आहे.

इथपर्यंत सगळं लिहिलेल्या सुरांचं झालं. खरी अडचण पुढे आहे. वडील मैफलीत गाणं मध्येच थांबवून, एक-दोन कॉर्डच्या ठेक्यावर लांबलचक गिटार वाजवत. रोज वेगळं, तिथल्या तिथे सुचलेलं. या सोलोंचे त्यांनी स्वतंत्र अल्बम काढले आणि व्हायने त्यांतल्या कित्येकांची नोटेशनं लिहून काढली. ती पुस्तकरूपाने छापलीही आहेत. तेव्हा मुलाला तेही जसंच्या तसं वाजवणं शक्य होतं. निष्ठा म्हणायची ती कशाला? बापाने त्या रात्री जे वाजवलं ते पुन्हा वाजवण्याला, की बापाने जे केलं, म्हणजे न ठरवता वाजवलं, ते करण्याला? ड्वीझिलने बहुतेक ठिकाणी दुसरा मार्ग धरला. वडिलांचे वळसे, त्यांची आवडती स्वरांतरं, वाक्य अर्ध्यात तोडण्याची सवय हे आत्मसात करायचं आणि मग त्या भाषेत स्वतःचं बोलायचं. लिहिलेलं तंतोतंत, न लिहिलेलं आपलं.

आपल्याकडच्या श्रोत्याला यात काय मोठं, असं वाटेल. अल्लारखांचे तबल्यातले कायदे त्यांचे पुत्र झाकिरभाईंनी जन्मभर वाजवले, त्यांना ट्रिब्यूट कोणी म्हटलं नाही. वडील २०००च्या ३ फेब्रुवारीला गेल्यावर दरवर्षी त्या तारखेला मुंबईत बरसी व्हायची, देशोदेशीचे वादक यायचे, आणि मुलगा वाजवायचा तो बापाचा वारस म्हणून आणि स्वतः म्हणूनही. दोन्हींत भांडण नव्हतं. (झाकिरभाईंचे 'शक्ती'मधले साथीदार, व्हायोलिनवादक एल. शंकर यांचा १९७९चा 'टच मी देअर' हा अल्बम फ्रँक झॅपांनीच निर्मिला होता. जग लहान असतं.) पण फरक आहे. झाकिरभाईंना बापाने स्वतः बसवून शिकवलं आणि पाठीमागे पंजाब घराणं उभं होतं. ड्वीझिलला घराणं नव्हतं. शिकवणाराही गेलेला. त्याला ते ध्वनिफितींमधून एकट्याने, मागाहून उभं करावं लागलं.

२००९ मध्ये त्याच्या बँडच्या 'पीचेस एन रेगालिया'ला रॉक वाद्यवादनाचं ग्रॅमी मिळालं. ही रचना 'हॉट रॅट्स'मधली, म्हणजे त्याला अर्पण झालेल्या अल्बममधली. त्याच गटातलं ग्रॅमी वडिलांना १९८८ मध्ये मिळालं होतं, 'जॅझ फ्रॉम हेल'साठी, आणि तो अल्बम जवळजवळ सगळा सिंक्लाव्हिअर नावाच्या संगणकी यंत्रावर केलेला. वादक चुकतात, दमतात, पैसे मागतात. यंत्र लिहिलंय ते वाजवतं. फ्रँक झॅपांना अखेरच्या वर्षांत त्याचं मोठं सुख वाटे. म्हणजे बापाची इच्छा शब्दशः पाळायची तर त्याच्या रचना यंत्राच्या हवाली करायला हव्या होत्या. मुलाने हाडामांसाची माणसं निवडली. मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत धीट निर्णय वाटतो.

नावाची कटकट थोडक्यात सांगतो. २०१५ मध्ये आई गेल झॅपा गेल्या. कौटुंबिक ट्रस्टचा कारभार धाकट्या दोन भावंडांकडे गेला, आणि 'झॅपा प्लेज झॅपा' हे नाव ट्रस्टच्या मालकीचं असल्याने २०१६ मध्ये ड्वीझिलला ते सोडावं लागलं. त्याने रागाने पुढच्या दौऱ्याला कायदेशीर नोटिशीचंच नाव दिलं. २०१८ मध्ये समेट झाला. यात कोण बरोबर हे ठरवण्यात मला रस नाही. लक्षात राहतं ते एवढंच की कायद्याला नाव दिसलं, बोटं दिसली नाहीत. पाटी उतरली तरी वाजवणं जागच्या जागी राहिलं.

२०१९ मध्ये ट्रस्टने वडिलांची प्रकाशाची प्रतिमा मंचावर उभी करून, खरे वादक सोबतीला घेऊन वेगळा दौरा काढला. ड्वीझिल त्यात नव्हता. त्यानेही पूर्वी पडद्यावर वडिलांचं चित्रण दाखवून खाली बँडची साथ लावली होती, तेव्हा त्याला सोवळं समजायचं कारण नाही. पण प्रतिमेला काही सुचत नाही. तिचा सोलो आज कसा जाईल याची धास्ती कोणाला नसते.

२०२४ मध्ये ड्वीझिल पुन्हा दौऱ्यावर निघाला, वडिलांच्या १९७४च्या दोन अल्बमांची पन्नाशी म्हणून. तेव्हा तो पंचावन्नाच्या उंबरठ्यावर होता. बाप कधी पोहोचला नाही अशा वयाला. 'द ब्लॅक पेज'चं पान अजूनही आहे तसंच वाजवायचं आहे. सोलोचं मात्र तसं नाही. पंचावन्नाव्या वर्षी झॅपा गिटार कशी वाजवतो, हे ऐकण्यासाठी आता कोणतीही ध्वनिफीत उपलब्ध नाही. ते त्यालाच वाजवून पाहावं लागतं.