गावाने वाढलेला सूर

चाकण-भोसरीतली रात्रपाळी सुटते, तेव्हा शेजारच्या आळंदीत पखवाजाला कणीक लागलेली असते. इथे १९१७ साली जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. शिक्षण विनामूल्य, विद्यार्थी माधुकरी मागून शिकत. कितीतरी कीर्तनकार, गायक आणि पखवाजी घडले, त्यात आळंदीतल्या चुलींचाही वाटा आहे. आज पिंपरी-चिंचवड महापालिका निगडीत संगीत अकादमी चालवते, स्वरसागर महोत्सव भरवते. या कामाला आपलाही हात लागायला हवा. आपल्या सोसायटीत कुणी मुलगी तबला शिकत असेल, तर यंदाच्या गणेशोत्सवात तिला अर्धा तास द्या. समोर बसून मनापासून ऐका. आणि मानधनाचं पाकीट आठवणीने, सन्मानाने तिच्या हाती ठेवा.