फाटकाबाहेरचा एक दिवस

युद्ध वाईट असते याबद्दल सहसा कोणाचे दुमत नसते, आणि म्हणूनच की काय, त्याबद्दल बोलणे जितके सोपे तितकेच काही करणे अवघड होऊन बसते. सेनापती शांततेचे भोक्ते असतात, मुत्सद्दी असतात, कवी तर असतातच. मग युद्धे होतात कशी, असे एखाद्या पोराने विचारले तर आपण कौतुकाने हसतो आणि दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे ओढतो. परंतु हा पोरकट प्रश्न सोडून न देता त्याच्या शेजारीच बिऱ्हाड थाटणारी माणसे जगात आहेत. त्यांच्यात एक दिवस राबण्याचा योग मला आला, आणि तेव्हापासून एक निराळाच प्रश्न माझ्या मागे लागला आहे. ज्या निषेधाने काहीच थांबत नाही, तो करणाऱ्याने नेमके काय केले असे म्हणायचे?

स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर, गेअर लॉख नावाच्या खाडीच्या काठी, फासलेन हे आरमारी ठाणे आहे. ब्रिटनच्या अण्वस्त्रधारी पाणबुड्यांचे हे घर. पाणबुड्या चार, त्यांतली एक तरी सदैव समुद्राच्या पोटात गस्त घालीत असते. 1969 पासून या गस्तीत खंड पडलेला नाही, असे तिथले सरकार अभिमानाने सांगते. आणि याच ठाण्याबाहेर, हमरस्त्याच्या कडेला, 1982 च्या जूनपासून युद्धविरोधकांची छावणी आहे. छावणी म्हणजे रंगीबेरंगी रंगवलेली जुनी चाकांची घरे, चार झाडे आणि पुष्कळ चिखल. मी ग्लासगोला मुलीकडे गेलो होतो. तिच्या ओळखीची एक बाई तिथे अधूनमधून कामाला जाई. तिने विचारले, “तुमचे हात रिकामेच आहेत ना?” सेवानिवृत्त शिक्षकाचे हात दुसरे कसे असणार?

घोषणा असतील, भाषणे असतील, असे मला वाटले होते. भाषणाची आपल्याकडच्या माणसाला सवय असते; ऐकण्याची आणि, संधी मिळाली तर, करण्याचीही. तिथे मला मिळाली एक सुरी आणि एक पोते कांदे. ते संपले तेव्हा ओली लाकडे आडोशाला रचली, तळाशी करपलेले एक अजस्र पातेले घासले आणि वाटेवरची पाने झाडली. पाऊस होताच. रस्त्यावरून मोटारी जात. कोणी भोंगा वाजवून हात हलवी, कोणी काचेतून मूठ दाखवी. मूठ दाखवणाऱ्यांचा मला राग येईना. त्या परिसरातल्या कित्येक घरांची चूल त्या ठाण्यावर पेटते. ज्याच्या ताटातली भाकरी तुम्ही पापाची ठरवता, त्याने तुमच्याकडे हसून पाहावे ही अपेक्षा जरा जास्तच नव्हे काय?

माझ्या शेजारी गाजरे चिरणारी एक पिकल्या केसांची बाई होती. मी तिला सरळच विचारले, “इतकी वर्षे बसून तुम्ही एक तरी पाणबुडी थांबवलीत का?” ती रागावली नाही. म्हणाली, “त्या लोखंडातही या क्षणी कोणीतरी कांदाच चिरत असेल.”

उत्तर विचित्र होते, पण ते माझ्या मनातून जाईना. खरेच आहे. पाणबुडीत शंभराहून अधिक माणसे महिनोन्‌महिने असतात. त्यांना जेवायला लागते. आठवड्यातून एकदा घरचा मोजक्या शब्दांचा निरोप त्यांना मिळतो, मात्र उलट उत्तर पाठवता येत नाही. ही माणसे राक्षस नाहीत. कोणाचे मुलगे आहेत, कोणाचे बाप. आणि त्याच पाणबुडीतल्या तिजोरीत पंतप्रधानांच्या हातचे एक मोहोरबंद पत्र असते. शत्रूच्या हल्ल्यात देशाचे सरकारच नष्ट झाले तर पुढे काय करायचे, याची आज्ञा त्यात लिहिलेली असते. पंतप्रधान बदलला की जुने पत्र न वाचता नष्ट करतात आणि नवा गृहस्थ नवे लिहितो. मृत माणसाने, मृत देशाच्या वतीने, लक्षावधी अनोळखी जिवांबद्दल दिलेली ही आज्ञा! महाभारतातल्या कोणत्या पर्वात हे शोभले असते, मला सांगता येत नाही. अर्जुनाला निदान समोर उभे असलेले आजोबा दिसत होते.

परंतु ते भयंकर पत्र टिकते कशावर? वेळच्या वेळी शिजणाऱ्या जेवणावर, बदलणाऱ्या पाळ्यांवर, तेल घातलेल्या बिजागऱ्यांवर. संहाराची तयारी ही क्रोधाने होत नाही, नियमितपणाने होते. मग तिला नकार देणाऱ्यांनाही एका दिवसाच्या आवेशाने भागत नसावे. त्यांनाही पाळ्या लावाव्या लागतात, सरपण भरावे लागते. पाणबुडी थांबत नाही. पण तिच्या दारातून आतबाहेर करणाऱ्याला ती पोस्टाच्या पेटीसारखी सवयीची वाटू न देणे, एवढे त्या चिखलातल्या बिऱ्हाडाने साधले आहे. हे थोडे की फार, याचे माप माझ्याजवळ नाही.

पाने झाडताना मला सेनापती बापटांची आठवण झाली. ती अगदीच अस्थानी नव्हती. 1904 साली शिष्यवृत्ती घेऊन बापट याच स्कॉटलंडात, एडिंबरोला, शिकायला आले होते. इंग्रजी राज्याविरुद्ध बोलले म्हणून ती शिष्यवृत्ती गेली. पुढे पॅरिसमध्ये त्यांनी बॉम्बची विद्या मिळवली. आणि त्याच माणसाने 1921 मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांबरोबर धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला, गावोगाव हातात झाडू घेऊन रस्ते झाडले. मुळशीचे धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. हिशेबाच्या वहीत तो सत्याग्रह फसला असेच लिहावे लागेल. तरीही धरणग्रस्तांचा प्रश्न आज कुठेही निघाला की बोट मुळशीकडेच जाते.

ग्लासगोहून मी आमच्या थोरल्या बंधूंना, अण्णांना, फोन केला. अण्णा नौदलात होते. 1971 च्या लढाईत समुद्रावर होते. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, “गोव्याचे सांग. 1955 च्या ऑगस्टमध्ये नि:शस्त्र सत्याग्रही आत शिरले. वीसहून अधिक माणसे पोर्तुगीजांच्या गोळ्यांनी मेली. गोवा सुटला का? सुटला 1961 च्या डिसेंबरात, सैन्य गेले तेव्हा. तुझ्या त्या बाईला हे सांगितलेस का?”

सांगितले नव्हते. अण्णांचा मुद्दा मला खोडता येत नाही, आणि खोडावा असेही वाटत नाही. मी एवढेच म्हणालो, “अण्णा, गोव्याची लढाई दोन दिवसांत आटोपली, आणि त्यानंतरही मांडवीत मासे होते. तुम्ही ज्यांच्याशी लढलात ते तुम्हाला दिसत होते. त्या पत्रातली लढाई झाली तर मासे धरायला कोण उरेल?”

“आणि आपली अरिहंत?” अण्णा म्हणाले. 2018 मध्ये आपल्या या अणुपाणबुडीने पहिली गस्त पुरी केली, तेव्हा अण्णांनी घरात शिरा करायला लावला होता. (ज्या जैनांनी मुंगीलाही जपले त्यांच्याच नमस्कारमंत्रातला हा शब्द. अंतरीचे शत्रू जिंकलेला तो अरिहंत. बोटीला नाव देणाऱ्याच्या मनात कोणता शत्रू होता, कोण जाणे!) “शेजाऱ्यांकडे अस्त्र असताना आपण हात बांधून बसायचे? तिथे कांदे चिरणे सोपे आहे रे. तो दुसऱ्याचा देश आहे.”

हा बाण वर्मी लागला, कारण छावणीतल्या एका तरुणानेही मला दुपारी निरागसपणे विचारले होते, की तुमच्याकडे अशा ठाण्याबाहेर कोणी बसते का? मी पातेले घासत राहिलो होतो. दुसऱ्याच्या अंगणातले पाप आपल्याला स्वच्छ दिसते. आपल्या अंगणात आले की त्याला परिस्थिती म्हणतात, सीमा म्हणतात, इतिहास म्हणतात. त्यातले पुष्कळसे खरेही असते, हीच तर अडचण आहे. परक्या फाटकाबाहेर बसायला मला धैर्य लागले नाही. आपल्या फाटकाबाहेर बसायचे तर अण्णांच्या समोर बसावे लागेल, आणि अण्णांनी ज्या समुद्रावर रात्री काढल्या त्याकडे तोंड करून.

हे मी त्यांना बोलून दाखवले. पलीकडे बराच वेळ शांत होते. फोन तुटला की काय, असे वाटले.

“थंडी फार असेल तिथे,” अण्णा अखेर म्हणाले.

“हो. आणि ओल.”

“पुन्हा जाणार असलास तर विचारून ठेव, त्या बाईच्या पायांचे माप काय. तुझ्या वहिनीकडे लोकर उरली आहे.”