शिशाची मोजपट्टी

तस्कनीतील पोन्तेदेरा येथे जन्मलेल्या फाबियाना लुपेरिनी यांनी महिलांची जिरो ही इटलीची अनेक टप्प्यांची सायकल शर्यत १९९५ ते १९९८ अशी सलग चार वर्षे आणि पुन्हा २००८ मध्ये जिंकली. चणीने लहान व वजनाने हलक्या असल्याने घाटाच्या चढावर त्या इतरांना सहज मागे टाकत, आणि म्हणूनच घाटांचा सम्राट मानल्या गेलेल्या मार्को पान्तानी यांच्या नावावरून त्यांना ‘पान्तानिना’ म्हटले जाई. २०१३ च्या जिरोमध्ये मात्र, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्यांची सायकल ६.८ किलो या किमान मर्यादेपेक्षा हलकी भरली आणि त्यांना शर्यतीतून बाद करण्यात आले. सर्वांना सारखाच लागू होणारा नियम सर्वांशी सारखाच न्याय करतो काय, हा तत्त्वज्ञानातील जुना प्रश्न या घटनेत एका तराजूच्या काट्यावर येऊन ठेपतो.

अतिहलक्या सायकली मोडून अपघात होऊ नयेत आणि शर्यत यंत्रांची न होता माणसांचीच राहावी, या हेतूने आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघाने २००० पासून ही मर्यादा लागू केली. हेतू निःसंशय चांगला आहे. पण ४५ किलो वजनाच्या सायकलपटूला आपल्या वजनाच्या १५ टक्के इतके ओझे चढावर न्यावे लागते, तर ७० किलोच्या सायकलपटूला १० टक्क्यांहूनही कमी. शिवाय लहान चणीच्या व्यक्तीची सायकल मुळातच लहान असते व तिच्यावर भारही कमी पडतो, म्हणजे ज्या धोक्यापायी हा नियम जन्माला आला तो धोका जिथे सर्वांत कमी, तिथेच नियमाचा जाच सर्वांत अधिक होतो. हलके शरीर ही निसर्गाची देणगी असल्याने हा जाच म्हणजे त्या देणगीची रास्त भरपाई होय, असे कोणी म्हणेल. परंतु सपाट रस्त्यावर जोर लावणाऱ्या धिप्पाड शरीराकडून अशी भरपाई कोणीच मागत नाही.

अॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या पाचव्या भागात ‘एपिइकेइया’ ही संकल्पना मांडली. तिला समन्याय म्हणता येईल: कायदा सर्वसामान्य भाषेत बोलतो, त्यामुळे एखाद्या प्रसंगी तो अपुरा पडतो, आणि ती उणीव भरून काढणे म्हणजे समन्याय. त्यासाठी लेस्बोस बेटावरील गवंड्यांच्या शिशाच्या मोजपट्टीचा दाखला तो देतो. ती ताठ न राहता दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. तरीही काट्याजवळ उभ्या असलेल्या पंचाने ही पट्टी हाती घ्यावी, असे म्हणता येत नाही, कारण त्याने एकीला सूट दिली असती तर मर्यादा पाळून सायकली सज्ज करणाऱ्या इतर सर्वजणींवर अन्याय झाला असता. पंचाचा निर्णय योग्यच होता. ती पट्टी नियम घडवणाऱ्यांच्या हाती असायला हवी होती. शर्यतीच्या धावपळीत नव्हे, तर निवांतपणे मर्यादा ठरवताना शरीरांमधील फरक लक्षात घेणे त्यांना शक्य होते, आणि त्यांनी सर्वांसाठी एकच आकडा लिहिला.

लुपेरिनी यांचे पहिले चार विजय हा आकडा लिहिला जाण्यापूर्वीचे आहेत. पाचवा, दहा वर्षांनंतरचा, त्याच ६.८ किलोंच्या नियमाखाली मिळवलेला आहे.