मौनाची दोन रूपे

भिडूने एक चौकट अशी बोली उघडावी आणि आपली पाळी येण्याआधीच उजवीकडच्या प्रतिस्पर्ध्याने एक इस्पिक म्हणावे, की ब्रिजच्या नव्या साधकाला प्रश्न पडतो तो ‘आता काय बोलू?’ असा, पण मधे आलेल्या या बोलीने, म्हणजे ओव्हरकॉलने, आपल्या पदरात काही टाकले असेल तर ते मौन, हे पुष्कळ खेळून झाल्यावरच ध्यानात येते. ओव्हरकॉल नसता तर सहा गुणांची सामान्य पाने घेऊनही आपल्याला बोलावेच लागले असते, कारण भिडूजवळ वीस-एकवीस गुण असू शकतात, गेमला साधारण पंचवीस पुरतात, आणि आपल्या पासनंतर डावीकडच्यानेही पास म्हटले तर बोली तिथेच संपते. आता मधे कोणी बोलून गेल्यामुळे भिडूला पुन्हा पाळी मिळणार हे निश्चित झाले, आपल्यावरची सक्ती सुटली, आणि सक्ती सुटल्याबरोबर आपल्या मौनाला अर्थ येऊ लागला.

मात्र बोलायचे असूनही शब्द सापडत नाही म्हणून धरलेले मौन वेगळे. सात-आठ गुण आणि बदामाची चार पाने हाती आहेत. दोन बदाम म्हणावे तर पाच पाने आणि दहाएक गुणांची हमी दिल्यासारखे होते. पूर्वी इथे डबल म्हणजे ‘प्रतिस्पर्ध्याचा करार फसेल, दंड वाढवा’, एवढाच अर्थ होता, म्हणून अशी पाने मुकी राहत. अमेरिकेच्या ॲल्विन रॉथ यांनी 1957 साली त्याच डबलला ‘न बोललेला रंग माझ्याकडे आहे’ असा अर्थ दिला, आणि त्याच वर्षी अवकाशात गेलेल्या रशियन उपग्रहावरून लोक त्याला स्पुटनिक डबल म्हणू लागले. आज त्याचे रूढ नाव निगेटिव्ह डबल. याउलट भिडूने बदामच उघडले असतील आणि आपल्याकडे तीन बदाम व सहा गुण असतील, तर मौनाचा विचारसुद्धा नको, सरळ दोन बदाम म्हणावे.

पण मित्रहो, डबलने नवा अर्थ घेतला तेव्हा जुना अर्थ कुठे गेला? इस्पिकचा राजा, गुलाम, दहिला धरून पाच पाने ज्याच्या हाती आहेत आणि ज्याला प्रतिस्पर्ध्याला दंडच करायचा आहे, त्याने कोणत्या तोंडाने बोलावे? त्याने बोलूच नये, तोही मौनातच गेला. म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही त्याचा पास आणि ज्याच्याकडे सगळे आहे त्याचा पास, दोन्ही एकाच हिरव्या कार्डाने टेबलावर येतात, आणि वरून पाहणाऱ्याला त्यांत तिळमात्र भेद दिसत नाही.

तो भेद दिसू नये, हीच या मौनाची शुचिता. ब्रिजचे नियम सांगतात की भिडूंनी एकमेकांना जे कळवायचे ते बोलीतून आणि खेळलेल्या पानांतून. घुटमळण्यातून किंवा स्वराच्या जोरातून नव्हे. बलवान पाने पाहून क्षणभर थांबून मग पास म्हटले, तर ते मौन राहिलेच नाही, आणि त्या थांबण्यावरून भिडूने बोली ठरवणे हा सरळ नियमभंग होय. माझ्या मते या खेळातला सर्वांत अवघड संयम हाच, कारण आनंद लपवणे हे दुःख लपवण्यापेक्षा कठीण असते.

मग भिडूने हे मौन ओळखावे कसे? आपल्याकडे न बघता, स्वतःच्या पानांकडे बघून. त्याच्या डावीकडचे इस्पिक आणि त्यानंतरचे दोन पास पार करून बोली त्याच्यापाशी परतते, तेव्हा त्याच्याजवळ इस्पिकचे एकच पान असेल किंवा एकही नसेल, तर उरलेली इस्पिके कुणाकडे तरी साठली असणारच. त्याच्या उजवीकडच्या प्रतिस्पर्ध्याने स्वतःच्या जोडीदाराचा रंग उचलून धरलेला नाही, तेव्हा ती आपल्याकडे असण्याचा संभव मोठा. म्हणून जेमतेम पाने असली तरी तो श्रद्धेने डबल म्हणतो. आपण दुबळे असू तर आपला रंग सांगून वाट काढतो. बलवान असू तर पुन्हा पास म्हणतो, आणि एक इस्पिक डबल हा करार प्रतिस्पर्ध्याच्या गळ्यात पडतो. पण भिडूच्याच हाती इस्पिकची तीन-चार पाने असतील, तर आपल्या मौनामागे दंडाची पाने असण्याची शक्यता फारशी उरत नाही. मग साधारण पाने असलेला भिडू निमूट पास म्हणतो, आणि प्रतिस्पर्ध्याला एक इस्पिक खेळू देतो.