घारापुरीचा हत्ती भायखळ्यात

भायखळ्याला राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणात एक दगडी हत्ती उभा आहे. पिंजऱ्यातले प्राणी बघायला आलेली गर्दी त्याच्याकडे फारशी बघत नाही. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले ते याच्यामुळे. १८१४ साली त्याची मान आणि डोके निखळून पडले. १८६४ साली त्याला बोटीत घालून इंग्लंडला न्यायचा बेत झाला, तेव्हा उचलताना साखळी तुटली आणि त्याचे तुकडे झाले, असे सांगतात. ते तुकडे व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे या बागेत आले आणि १९१४ साली कॅडेल आणि ह्युएट या दोघांनी ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. तो इंग्लंडला गेला नाही, मुंबईतच राहिला, याचे समाधान मानायला हरकत नाही. पण हत्ती उरला म्हणजे सगळे उरले असे नाही. बेटावर त्याचे तोंड कुठल्या दिशेला होते, बोटीतून उतरणाऱ्याला तो कुठून दिसे, लेण्याकडे जाणाऱ्या वाटेशी त्याचे नाते काय होते, हे प्रश्न बागेत उभे राहून सुटत नाहीत. त्याच्या पाठीवर आणखी एक लहान प्राणी कोरलेला होता. तो हत्तीचे पिल्लू की वाघ, यावर जुन्या प्रवाशांचेही एकमत नव्हते. बेटावर एक दगडी घोडाही होता. सतराव्या शतकातल्या इंग्रज प्रवाशांनी तो पाहिला होता, पुढे तो नाहीसाच झाला.

घारापुरीचे त्याहून मोठे नुकसान आधीच झाले होते. लेण्यातला एक शिलालेख पोर्तुगीजांनी काढला आणि राजाला दाखवण्यासाठी पोर्तुगालला पाठवला, असे दियोगु द कौतो या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. तो शिलालेख पुन्हा कोणी पाहिला नाही. एवढे भव्य लेणे कोणी कोरवले, कोकणच्या मौर्यांनी, कलचुरींनी की आणखी कोणी, हा वाद आजही चालू आहे तो त्यामुळे. कलचुरींच्या बाजूने जे पुरावे देतात त्यांत कृष्णराजाची नाणी आहेत. ती बेटावर सापडली आणि बेटावर सापडल्याची नोंद झाली, म्हणून ती साक्ष देतात. हीच नाणी एखाद्या शौकिनाच्या मखमली पेटीत नोंदीशिवाय पडली असती, तर घारापुरीबद्दल ती काहीच बोलली नसती. उत्तर देऊ शकला असता तो दगड मात्र कौतुकापोटी जागेवरून हलवला गेला.

या लेखाचा मुद्दा इथूनच निघतो. प्राचीन मूर्ती, भांडी, कोरीव दगड जमवणाऱ्याला वाटते की आपण वस्तू वाचवतो. वस्तू खरोखर वाचतेही. पण वस्तू कुठे, किती खोल, कशाच्या शेजारी मिळाली ही माहिती वस्तूइतकीच, पुष्कळदा वस्तूहून अधिक मोलाची असते. ती एकदा पुसली की कितीही पैसे मोजून परत मिळत नाही. आणि बाजाराला नेमकी तीच माहिती नको असते, कारण ती चोरीचाही पुरावा ठरते.

नोंद असली की काय होते, ते नालासोपाऱ्याला दिसते. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली तिथला ‘बुरुड राजाचा कोट’ नावाचा उंचवटा खणला, तेव्हा आत बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक, करंडकाभोवती बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती. करंडकात एकात एक चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा, सोन्याचा असे करंडक, त्यांत सोन्याची फुले, भिक्षापात्राचे तुकडे आणि यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणे. नाणे सातवाहनांचे, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचे. मूर्ती मात्र त्यानंतर कित्येक शतकांनी घडवलेल्या. दोन्ही एकाच पेटीत होत्या, म्हणूनच कळते की हा स्तूप मधल्या काळात कोणीतरी श्रद्धेने उघडला, त्यात नव्या मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा बंद केला. सोपाऱ्याच्या बौद्ध वस्तीचे एवढे दीर्घ आयुष्य समजते ते दोन वस्तूंच्या शेजारामुळे. नाणे एका गिऱ्हाइकाला आणि मूर्ती आठ गिऱ्हाइकांना विकल्या असत्या, तर नऊ सुंदर वस्तू उरल्या असत्या आणि इतिहास एकही नाही. तो ऐवज आज टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीकडे एकत्र आहे.

उलट उदाहरण दायमाबादचे. श्रीरामपूर तालुक्यातल्या या गावी १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार धातुशिल्पे मिळाली: बैलांचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. मिळून साठ किलोंहून अधिक वजन. भारतीय धातुकलेतला हा अजोड ठेवा. पण तो रीतसर उत्खननात, थर मोजून निघालेला नव्हता, म्हणून त्याच्या काळावर अभ्यासक भांडत राहिले. कोणी त्याला उत्तर हडप्पा काळात नेतात, तर कोणी धातूच्या मिश्रणावरून कितीतरी अलीकडे ओढतात. इथे शेतकऱ्याचा दोष काही नाही, उलट वस्तू भंगारात गेल्या नाहीत हे आपले भाग्य. मात्र वस्तू चोख, गाव माहीत, तरी फक्त थर हातातून निसटल्याने हजार-दोन हजार वर्षांचा घोळ होऊ शकतो. जिथे गावही माहीत नाही अशा वस्तूंबद्दल मग बोलायलाच नको.

जगात या प्रश्नाची सगळ्यात कठोर परीक्षा मध्य अमेरिकेतल्या माया संस्कृतीच्या अवशेषांवर झाली. ग्वाटेमालाच्या पेतेन जंगलातली माया नगरे शतकानुशतके झाडीत दडलेली होती. १९६० च्या दशकात अमेरिका-युरोपातल्या श्रीमंतांना माया शिल्पांची आणि चित्रित भांड्यांची गोडी लागली आणि जंगलात करवती घुसल्या. पुरुषभर उंचीचे कोरीव स्तंभ एकसंध नेता येत नाहीत, म्हणून चोर त्यांचा कोरलेला दर्शनी भाग कापून काढत, तुकडे करत आणि मागचा दगड तिथेच टाकत. क्लेमेन्सी कॉगिन्स या अभ्यासिकेने १९६९ साली लेख लिहून अमेरिकन संग्रहालयांना आरसा दाखवला. पुढे माचाकिला येथला एक स्तंभ अमेरिकेत विक्रीला आला आणि हॉलिन्सहेड नावाच्या व्यापाऱ्याला शिक्षा झाली. ती होऊ शकली याचे कारण इयन ग्रॅहम या संशोधकाने तो स्तंभ आधीच, जंगलात जागेवर असताना नोंदवून ठेवला होता. जागेची नोंद इथे न्यायालयात उभी राहिली.

माया भांड्यांच्या बाबतीत संग्राहकांच्या बाजूचा सगळ्यात वजनदार युक्तिवाद सापडतो. तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. माया संस्कृतीचे अभ्यासक मायकेल को यांनी १९७१ साली न्यू यॉर्कच्या ग्रोलिअर क्लबमध्ये माया भांड्यांचे प्रदर्शन भरवले. त्यातली पुष्कळशी भांडी खाजगी संग्रहांतली, अर्थातच थडगी फोडून आलेली. त्यांच्या काठांवर तीच तीच अक्षरे त्याच क्रमाने येतात हे को यांच्या ध्यानात आले, आणि माया लिपीच्या वाचनाला त्यातून मोठी चालना मिळाली. भांड्यावर मालकाचे नाव असते, ते कशासाठी वापरायचे तेही असते, हे हळूहळू उलगडले. म्हणजे चोरीच्या मालातूनही ज्ञान मिळाले. मान्य. पण याच कथेचा पुढचा भाग सांगितला जात नाही. ‘कोको’ या शब्दाच्या वाचनावर शिक्कामोर्तब झाले ते रिओ आसूल येथल्या थडग्यात १९८४ साली पुरातत्त्वज्ञांना मिळालेल्या भांड्यामुळे. त्यावर तो शब्द होता आणि आत खरोखर कोकोचा अंश होता. बाजारातून येणारी भांडी घासूनपुसून, डागडुजी करून येतात. तळाशी काय होते याची साक्ष त्यांच्याकडे सहसा उरलेली नसते. चोरीच्या भांड्यांनी अंदाज दिला, पुरावा दिला जागेवरच्या भांड्याने.

दुसरा आक्षेप आपल्या ओळखीचा: आपल्या लोकांना कदर नाही, संग्राहकांनी नेले म्हणून उरले. यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. भायखळ्याच्या संग्रहालयाला ज्यांचे नाव आहे ते डॉ. भाऊ दाजी स्वतः नाणी आणि हस्तलिखिते जमवत. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतला हा डॉक्टर संग्राहक होता, म्हणून केवढी सामग्री हाती राहिली. पण त्यांनी काय केले ते बघा. ते अजिंठ्याला गेले आणि तिथल्या शिलालेखांच्या नकला घेऊन आले. लेख भिंतीवर राहिले, वाचन छापून जगापुढे आले. त्यांच्या आधी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे चिटणीस असलेले डॉ. जेम्स बर्ड अजिंठ्याला गेले होते. त्यांनी सतराव्या लेण्यातल्या चित्रातल्या आकृती संग्रहालयासाठी खरवडून काढायचा प्रयत्न केला. चित्र गेले आणि संग्रहालयालाही काही मिळाले नाही. दोघेही विद्वान, दोघांचेही प्राचीन कलेवर प्रेम. तेव्हा प्रश्न संग्राहक चांगला की वाईट हा नाही. जागेवरची वस्तू जागेवर ठेवून ज्ञान नेता येत असताना वस्तूच उपटायची का, हा प्रश्न आहे.

लोकांना कदर नाही या म्हणण्याला परळमध्येही उत्तर आहे. १९३१ साली रस्त्याच्या कामात तिथे शिवाचे एक विलक्षण शिल्प निघाले. एकाच शिळेत एकातून एक उमलत जाणाऱ्या सात आकृती आणि पायाशी वाद्ये घेतलेले गण. ते बारादेवीच्या देवळात ठेवले गेले आणि आजही तिथेच, पूजेत आहे. फोर्टातल्या संग्रहालयात त्याची प्रतिकृती आहे. देवळात अभ्यासकांची थोडी अडचण होते, प्रकाश बेताचा, जागा अरुंद. तरीही मुंबईच्या बेटांवर घारापुरीच्या आसपासच्या काळात एवढ्या ताकदीचे शिल्पकार काम करत होते, हे आपण ठामपणे म्हणू शकतो, कारण शिळा परळचीच आहे हे पक्के ठाऊक आहे. गिरणगावातल्या देवळाने जपलेला हा पुरावा लंडनच्या दालनात अधिक उजळ दिसला असता, एवढेच.

(जाता जाता: राणीच्या बागेत स्थलांतरित दगड-धातूंची आणखी एक वसाहत आहे. १९६५ साली इंग्रज राजवटीचे पुतळे रस्त्यांवरून काढून इथे आणले. त्यांत सातव्या एडवर्डचा ‘काळा घोडा’ही आहे. पण त्याचे शिल्पकार, देणगीदार, मूळ चौक, सगळे नोंदलेले आहे. घोडा भायखळ्यात आला तरी काळा घोडा फोर्टातच राहिला. घारापुरीच्या हत्तीला ते भाग्य मिळाले नाही.)

तिसरा आक्षेप कायद्याकडे बोट दाखवतो, आणि तो मला सगळ्यात रास्त वाटतो. १९७२ चा पुरावशेष कायदा १९७६ पासून लागू झाला. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी आली, ठरावीक प्रकारच्या मूर्तींची नोंदणी सक्तीची झाली. हेतू उत्तम होता. पण सामान्य माणसाला नोंदणी म्हणजे सरकारी झेंगट वाटते, म्हणून तो वस्तू लपवतो किंवा मिळेल त्या भावाला काढून टाकतो. शेतात हंडा सापडला तर लागू होतो त्याहून जुना, १८७८ चा निखात निधीचा कायदा. दहा रुपयांहून अधिक किमतीची ठेव सापडली की जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे. सरकारला ती हवी असेल तर शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला मिळते धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश. म्हणजे सातवाहन राजाचे दुर्मिळ नाणे आणि वितळवलेली तेवढीच चांदी यांच्यात कायद्याच्या लेखी फरक फक्त वीस टक्क्यांचा. दलाल याहून कितीतरी अधिक देतो, तोही रोख आणि प्रश्न न विचारता. अशा वेळी शेतकऱ्याने सोनाराकडे जावे की तहसील कचेरीत, हे सांगायला पुरातत्त्वज्ञ लागत नाही.

यावर काहीजण म्हणतात, बाजार खुला करा, निर्यातबंदी उठवा, चोरी आपोआप थांबेल. हे मला पटत नाही. माया स्तंभ कापले गेले ते बाजार मागणी करत होता म्हणून. खुल्या बाजाराने ती मागणी वाढेल, आणि खुला बाजारही जागेची नोंद विचारणार नाही. इंग्लंडने वेगळी वाट धरली. १९९६ च्या कायद्याने ठेव सापडल्याचे कळवणाऱ्याला बाजारभावाने मोबदला द्यायची सोय केली, आणि त्याच सुमारास किरकोळ वस्तूंचीसुद्धा सापडल्या जागेसह ऐच्छिक नोंद घेणारी योजना सुरू झाली. तिथे मोबदला नुसत्या वस्तूचा नसतो, प्रामाणिकपणे सांगितलेल्या जागेचाही असतो. आपल्याकडे हे जमणार नाही असे मानायला कारण नाही. हंडा सापडल्यावर तलाठ्याला फोन करणाऱ्या माणसाला चोर न समजता साक्षीदार समजावे लागेल, आणि साक्षीची किंमत चांदीच्या भावाने ठरवणे सोडावे लागेल.

ज्यांच्या घरात आजोबांच्या काळापासून एखादी जुनी मूर्ती, ताम्रपट, नाण्यांची पिशवी किंवा शेतातून आलेला कोरीव दगड आहे, त्यांनी तो कोणत्या गावचा, कोणी आणला, कुठे सापडला हे आठवते तोवर कागदावर लिहून वस्तूबरोबर ठेवावे आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे. नव्याने विकत घ्यायची हौस असणाऱ्यांनी विक्रेत्याला आधी गाव विचारावे. गाव सांगता आले नाही, तर वस्तू घेऊ नये.